पालथा कप

गिरजाबाईनं चहा गाळून तीन कपांत ओतला. चौथा कप खिडकीबाहेर होता, ग्रिलवर पालथा घातलेला, कान तुटलेला. तिच्या नवऱ्यानं, सितारामनं, तो पाहिला.

"ह्यो कप भायेर कुनी ठिवला?"

"मी." गिरजाबाईनं आवाज खाली घेतला. "लेक बाळंतपणाला आलीया. घरात तान्हं हाय."

लेक जयमाला आतल्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाहेरच्या खोलीत खाटेवर थोरला मुलगा, जयप्रकाश. कालच दवाखान्यातून घरी आणलेला, नुसता हाडांचा सापळा. अठ्ठ्याऐंशी साल होतं ते. एड्स हा शब्द माणसं पेपरात वाचायची, तोंडानं उच्चारायची नाहीत. पोराला तो कुठून लागला हे घरात कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारून तरी काय हाती लागणार होतं?

"डॉक्टर काय म्हनला ते तूबी ऐकलंस. कपानं होत न्हाई, शेजारी बसून होत न्हाई."

"ऐकलं की. मग त्यानं हातात दोन-दोन मोजे कशापाई घातले व्हते?"

मोजे सितारामनंही पाहिले होते. बाई काही दुष्ट नव्हती. रात्रभर तिनं पोराचे पाय चेपले, आणि सकाळी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. धुताना रडत होती.

पण असला कप या घरात नको, एवढंच सितारामला कळत होतं. बीडकडच्या त्याच्या गावात हॉटेलाबाहेर दगडावर असाच एक कानतुटका कप पालथा असायचा, गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांसाठी. आपला आपण उचलायचा, मालक वरून ओतेल तो चहा लांब बसून प्यायचा, आपणच विसळायचा, परत पालथा घालायचा. त्या कपाला विटून तर तो गाव सोडून तळोज्याच्या कारखान्यात लागला, नेरूळला सिडकोची खोली घेतली. पोरांपाशी त्या कपाबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांना ते ठाऊकच नको होतं त्याला.

त्यानं तुटका कप उचलला आणि केरात टाकला. भरलेल्या तीन कपांतले दोन घेतले आणि खाटेवर पोराला खेटून बसला.

"घे. गरम हाय तवर पी."

दोघं चहा प्याले. कितीतरी दिवसांनी बापलेक असे बसले होते. सितारामला बरं वाटलं. चला, मिटलं, असंच वाटलं त्याला.

मग जयप्रकाश भिंतीला धरून उठला, मोरीत गेला. कप आतून चोळला, बाहेरून चोळला, पाणी झटकलं. तसाच धरत धरत खिडकीशी आला, हात बाहेर काढला आणि कप ग्रिलवर पालथा घातला.

अगदी तसाच. गावात ठेवायचे तसा.

"हे तुला कुनी शिकवलं?" सितारामचा आवाज फाटला.

"शिकवायचं काय त्यात, बाबा," जयप्रकाश म्हणाला. "बाळ आहे घरात. आईला टेन्शन नको." आणि तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

सितारामनं उठून आपला कप मोरीत नेला. इतकी वर्षं झाली, पण हात काही विसरला नव्हता. विसळून, झटकून त्यानं तो लेकाच्या कपाला लागून पालथा घातला.

"आवो, तुमी कशापाई..." गिरजाबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," सिताराम म्हणाला. "मला सवय हाय."