फेट्याची परीक्षा

"फुकटच्या पुस्तकात असून असून काय असणार?" असं म्हणत विभागप्रमुख इंगवले सरांनी भर वर्गात फेट्याचं टोक दातात धरलं.

इंजिनिअरिंग कॉलेजात तांत्रिक लेखनाच्या विषयाला इतकी वर्षं सरांनीच लिहिलेलं पुस्तक होतं. त्याऐवजी इंटरनेटवरचं, कुणालाही मोफत वापरता आणि सुधारता येणारं पुस्तक लावावं का, हे तपासायचं काम नव्या प्राध्यापिका रेवतीवर आलं होतं. खरं सांगितलं तर सर दुखावणार, नाही सांगितलं तर मुलांचं नुकसान. म्हणून तिने वर्गाचे दोन गट केले, एकाला सरांचं, दुसऱ्याला मोफतचं पुस्तक दिलं आणि त्याच्या आधारे फेटा बांधायच्या सूचना लिहून आणायला सांगितल्या. कोल्हापूरचे असूनही सरांना फेटा कधी जमला नव्हता, त्यामुळे तेच हौसेने पुढे झाले. कुठला कागद कुठल्या गटाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्या कागदाप्रमाणे गुंडाळता गुंडाळता सरांचे डोळेच झाकले गेले. पोरं खो खो हसली. दुसरा कागद मुलांनी आधी नवख्या मित्रांच्या डोक्यांवर आजमावून दुरुस्त केला होता; त्यांच्या पुस्तकाने तसं बजावलंच होतं. त्यावरून तुरा असा झोकात उभा राहिला, की सर मोबाइलमध्ये स्वतःला न्याहाळतच बसले.

"हे माझ्या पुस्तकावरचं ना, मॅडम?"

रेवतीने खरं ते सांगून टाकलं. "नाही सर. तुमचं पहिलं."

सरांनी तुरा चाचपला.

"मग माझंही पुस्तक इंटरनेटवर मोफत टाका," ते म्हणाले, "आणि दुरुस्त करायला या पोरांना बसवा."

फेटा न उतरवताच ते पुढच्या तासाला निघून गेले.