नेट आहेच की!

सकाळी निघताना लेक पेनड्राइव्ह सोडेना. नव्या टेलिफोन एक्स्चेंजचं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर अख्खं त्यात भरलेलं होतं, नेटशिवायही यंत्रात बसवता येणारं. मूठ उघडायला गेलं की भोकाड. "असू दे गं बाई तुलाच. तिकडे नेट आहेच की!" म्हणत आईने तिचा पापा घेतला आणि धरणावरच्या कंट्रोल रूमची वाट धरली.

"जुनं एक्स्चेंज आजच्या दिवस राहू द्या," ऑपरेटर काका म्हणाले.

"काका, ते तुमच्याआधी रिटायर व्हायला हवं होतं!" हसत हसत तिने जुनं उखडलं, तारा नव्या यंत्राला जोडल्या आणि ज्याच्याशिवाय ते फोन जोडू शकत नव्हतं, ते सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवायला लावलं.

ते अर्ध्यावर असतानाच वादळाने टॉवर आडवा केला. नेट गेलं, मोबाइल मुके झाले. स्क्रीनवर एकच ओळ उरली: कनेक्शनची वाट पाहत आहे.

खिडकीपाशी उभ्या काकांचा आवाज बदलला. "पोरी, पाणी फार चढलंय. दरवाजे उघडावे लागणार. खालच्या वस्तीला फोन लावून दे. आपली तार शाबूत आहे ना?"

तार शाबूत होती.

खालच्या वस्तीत, आजीच्या मांडीवर, लेक पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरून गाढ झोपली होती.