ओळखणारं माणूस

"एक कागद कमी आहे," कॉलेजच्या प्रवेश-खिडकीपलीकडचा कारकून ड्वेन म्हणाला.

टेसाने फाइल पुन्हा उघडली. गाडीचा परवाना, मतदार नोंदणी, भाडेकरार, कराचं विवरणपत्र, बारा महिन्यांची विजेची बिलं. सगळं तारखेनुसार लावलेलं. सलग बारा महिने याच राज्यात राहिल्याचं सिद्ध झालं तर प्रवेश इथल्यांच्या फीमध्ये. नाही तर बाहेरच्यांच्या, म्हणजे तिप्पट. तिप्पट झेपणार नव्हती. मग कॉलेजचा विचार सोडायचा आणि नेब्रास्काला, आपल्या राज्यात परत.

"कुठला?"

"यादीच्या मागच्या पानावर आहे. ओळखणाऱ्या माणसाचं लेखी निवेदन. वर्षभर तू इथेच होतीस, असं इथल्या कुणीतरी सही करून द्यायचं. नातेवाईक, घरमालक, कामावरचा साहेब, हे चालत नाहीत."

"बाकी कुणीही?"

"कुणीही. सगळ्यात सोपा कागद आहे गं. लोक पार्किंगमध्ये उभ्या उभ्या भरून आणतात." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "आज शेवटचा दिवस. मी पाचपर्यंत आहे."

गाडीत बसून तिने नीट आठवून पाहिलं. वर्षभर ती धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत गव्हातला ओलावा मोजत होती; तिथे साहेब आणि ती, दोघंच. किराणा दुकानात यंत्रावर स्वतःच बिल करून पिशवी भरायची आणि बाहेर पडायचं. फोनमध्ये या राज्यातले चार क्रमांक होते: साहेब, घरमालक, दातांचा दवाखाना आणि बर्फात अडकलेली गाडी ओढून काढणारा.

घरी येऊन तिने रस्ता ओलांडला आणि समोरच्या घराची बेल वाजवली. पत्रपेटीवर 'टॉलेफसन' लिहिलेलं होतं. ते तिने आज पहिल्यांदा वाचलं.

दार लगेच उघडलं. ऐंशीच्या पुढची, उन्हाळ्यातही स्वेटर घातलेली बाई.

"फावडं हवं असेल तर जुलै चाललाय, पोरी. जानेवारीत मागायचंस. ओव्हनच्या ट्रेने बर्फ उपसत होतीस."

टेसाने कागद पुढे केला. "मी समोर राहते. म्हणजे, तुम्ही मला ओळखता, असं लिहून द्याल का?"

मिसेस टॉलेफसननी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. मग तिला स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी हवी का ते विचारलं नाही, ओतलीच. टेबलापाशी बसलं की खिडकीतून टेसाची खिडकी दिसत होती, अगदी समोर.

"नाव सांग. तेवढं मला ठाऊक नाही."

"टेसा ल्युबेक."

त्या सावकाश लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता बोलू लागल्या. "गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या शनिवारी आलीस. टपावर गादी बांधून. गादी अर्धी भिजलेली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे आपापल्या घरी जातात, तू इथेच. ख्रिसमसलाही तुझ्या खिडकीत दिवा होता, दिवसभर. मी म्हटलं, येईल आता कुणीतरी. कुणी आलं नाही."

"तुमच्याकडे?"

"मी तुझं सांगतेय."

पेन थांबलं.

"फेब्रुवारीत चार दिवस दिवा नव्हता. ते लिहावं लागेल मला. खाली छापलंय बघ, खोटं लिहिणं गुन्हा आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पण गेलीस ते बरं केलंस. मी तेव्हा म्हटलं, चला, गेली एकदाची आईकडे. बरं वाटलं मला."

"मी गेले नव्हते."

"गाडी जागेवरच होती खरी. मला वाटलं, कुणी न्यायला आलं असेल."

"ताप होता." टेसाने कप खाली ठेवला. "दिव्याच्या बटणापर्यंत जाता येत नव्हतं."

मिसेस टॉलेफसन खिडकीबाहेर बघत राहिल्या. मध्ये फक्त रस्ता होता. तीसएक पावलं. टेसा आत्ताच ती चालून आली होती.

फ्रीज घरघरला आणि शांत झाला. सव्वाचार वाजले होते.

मग त्यांनी कागद जवळ ओढला, आणखी काहीतरी लिहिलं, सही केली आणि तो टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"बघ, बरोबर आहे का."

अक्षर वळणदार होतं. फक्त शेवटच्या दोन ओळी खाली उतरत गेल्या होत्या.

'बारा महिन्यांत ही मुलगी एकही दिवस कुठे गेलेली नाही. मी समोरच होते.'