शरीराला विचार

आल्मुटनं पुन्हा शेजारच्या ताटात काटा खुपसला. ओल्टमन्स आजोबा ओरडेपर्यंत त्यांच्या सॉसेजचा तुकडा तिच्या तोंडात गेलाही होता.

"रोजचं झालंय हे!" आजोबा तिच्या मुलीकडे, गेशेकडे वळले. "तुमच्या आईला पालापाचोळा वाढता आणि ती माझ्या ताटावर धाड घालते. असली शाकाहारी बाई शेजारी नको रे बाबा!"

गेशे शरमेनं लाल झाली. आई मात्र डोळे अर्धे मिटून चावत होती. चरबीचा ओघळ हनुवटीवर आला होता. गेशेनं तो रुमालानं पुसला. गेले काही महिने ती या वृद्धाश्रमात येत होती, पण आईला असं मन लावून जेवताना तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

परिचारिका नूर्तेन खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली. "स्वयंपाकघरातून विचारतायत, उद्यापासून आल्मुटबाईंना हे डुकराचं सॉसेज द्यायचं का? त्यांना आता काही आठवत नाही, ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला नका विचारू, मी स्वतः डुकराला शिवत नाही. पण बाकी कशाला त्या तोंड लावत नाहीत, एवढं बघतेय. कपडे ढगळ व्हायला लागलेत त्यांचे. असंच चाललं तर हिवाळा काढायच्या नाहीत."

आल्मुटनं ऐन तारुण्यात मांस सोडलं होतं. उत्तर जर्मनीत, ओल्डेनबुर्गकडच्या गावात हे सोपं नव्हतं. पहिलं दव गोठलं की तिथं घरोघरी केल ही पालेभाजी डुकराच्या चरबीत शिजते आणि वर सॉसेज ठेवतात. ते न खाणारा माणूस आजारी तरी असतो नाहीतर शिष्ट तरी. आल्मुट दोन्ही नव्हती. ती चर्चमागच्या दालनात लोकांना शरीराचं ऐकायला शिकवायची. डोळे मिटा, पोटावर हात ठेवा आणि विचारा. शरीर कधी खोटं बोलत नाही.

घरातही तेच. लहानपणी गेशे कुणाच्या वाढदिवसाला निघाली की आई तिचा हात तिच्याच पोटावर ठेवायची. "शरीराला विचार, मांस हवंय का. काय म्हणतंय?"

"नको म्हणतंय," गेशे सांगायची.

ते तसं कधीच म्हणालं नव्हतं. शाळेची मुलं दर हिवाळ्यात गाणी म्हणत रानातून चालत जात आणि शेवटी खानावळीत केल आणि सॉसेजवर तुटून पडत. तिथल्या वासानं गेशेच्या पोटात कावळे ओरडत. ती मान खाली घालून उकडलेले बटाटे खाई. घरी येऊन "नको म्हणत होतं" असं सांगितलं की आईचा चेहरा असा काही फुले, की त्या चेहऱ्यासाठी ती पुढच्या वर्षीही खोटं बोले. पुढं त्याची सवय झाली. आता पन्नाशी उलटली तरी मांस तिच्या जिभेला लागलं नव्हतं. पोटाला काही विचारणंही तिनं कधीच सोडून दिलं होतं.

आणि आता ही आई! गेशेला रडू येत होतं आणि रागही. हेच खायचं होतं तर मला का नुसत्या बटाट्यांवर ठेवलंस? शरीर खोटं बोलत नाही, तर आईचं कुठलं शरीर खरं? इतकी वर्षं नको म्हणणारं, की आज दुसऱ्याच्या ताटातलं ओढून खाणारं? की तीही जन्मभर माझ्यासारखीच, कुणाच्या तरी चेहऱ्यासाठी नको म्हणत आली? पूर्वीच्या, भानावरच्या आईला विचारावं, तर ती ताट फेकून देईल. पण ती आई आता यायची नाही. ही बाई समोर आहे आणि हिला भूक आहे.

"द्या," गेशे म्हणाली. लगेच घाबरली. "नाही, थांबा."

"देऊ की थांबू?"

"द्या. आजच द्या. बघू तरी."

नूर्तेननं वाफाळतं ताट आणलं. केल, बटाटे आणि वर तुकतुकीत सॉसेज. "सुटलो एकदाचा," म्हणत ओल्टमन्स आजोबांनी आपलं ताट पलीकडे ओढून घेतलं.

आल्मुट ताटाकडे बघत राहिली. मग तिनं सावकाश एक तुकडा कापला. पण तोंडात घातला नाही. तिनं मान वर करून गेशेकडे पाहिलं, परक्या घरच्या मुलीकडे बघावं तसं. हल्ली ती लेकीला ओळखत नव्हती. ताटाची वाफ गेशेच्या तोंडावर येत होती. तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिनं गुपचूप आवंढा गिळला.

आल्मुटला ते दिसलं. तिनं काटा गेशेच्या ओठांपाशी नेला.

"मला नको," गेशे म्हणाली. हे म्हणताना तिचा आवाज कधीच अडखळत नसे.

"हवंय तुला. मला काय दिसत नाही?" आल्मुटनं दाराकडे एक नजर टाकली, पुढं वाकली आणि आवाज अगदी खाली आणला. "खा गं बाळ, पटकन. तुझ्या आईला मी नाही सांगणार."