मेसेज आला का, अक्का?

मेसेज आला नव्हता. कालिंदीबाईंनी तो बटणांचा छोटा फोन खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, पदराने पुसून पाहिला. कानाशी त्यांचा स्वतःचा फोन होता आणि त्यातून विश्वंभर विचारत होता, आला का म्हणून.

"येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "थांब जरा."

छोटा फोन विश्वंभरचाच. तहसील कचेरीतून निवृत्त झाला, बायको गेली, आणि तो मुलाकडे, अनिरुद्धकडे, न्यूझीलंडला राहायला गेला. माणूस गेला, पण त्याचे व्यवहार इथेच राहिले. पेन्शन इथल्या बँकेत, हिंगोलीच्या घराची पट्टी इथे, विजेचं बिल इथे. तिकडे बसून पैसे भरायचे तर बँक दरवेळी जुन्या नंबरवर सहा आकडे पाठवायची, आणि त्या नंबरचं सिमकार्ड तिकडे काही केल्या चालेना. मग धाकट्या भावाने फोनच थोरल्या बहिणीच्या हवाली केला. आखाडा बाळापूरच्या तीन खोल्यांत कालिंदीबाई त्याची बॅटरी देवाच्या दिव्याइतक्या नेमाने भरत आल्या होत्या.

सुरुवातीला त्यांनी भल्या फजित्या केल्या. एकदा आकड्यांऐवजी रक्कमच वाचून दाखवली. एकदा नवाचे सहा केले. तीनदा चुकलं की बँक दिवसभर दार लावून घेते हे कळल्यावर मात्र त्या शहाण्या झाल्या. आता या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांचा जीव त्या आकड्यांत नव्हताच. बाळापुरात मेसेज पोचायला कधी मिनिट लागायचं, कधी पाच. तेवढ्या वेळात विश्वंभर सांगायचा, आज थंडी फार आहे, सूनबाई कामावर गेली, शेजारच्या म्हाताऱ्याने हात हलवला पण बोलला नाही. कालिंदीबाई सांगायच्या, सोयाबीनला भाव नाही, शेजारच्या पद्माबाईंचा गुडघा धरला. मग मेसेज यायचा, आकडे वाचले जायचे आणि फोन बंद व्हायचा. नेटवर्कला अख्खं गाव शिव्या द्यायचं. एकट्या कालिंदीबाई त्याला मनातून दुवा द्यायच्या.

कामावाचून फोन करायची त्यांच्या घरात रीत नव्हती. नवीन नवीन गेला तेव्हा विश्वंभरने दोनदा असाच फोन केला होता. काय काम होतं, असं कालिंदीबाईंनी विचारलं. काही नाही, असाच, म्हणाला. मग काहून पैसे घालवतोस, असं त्या बोलून गेल्या. त्यानंतर त्याने असाच फोन कधी केला नाही. त्या एका वाक्याचा त्यांना फार पस्तावा झाला. पण पंचाहत्तरीच्या बहिणीने भावाला सांगायचं तरी कसं, की मला करमत नाही? यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. दिवस दिवस घरात त्यांचा स्वतःचा आवाजही त्यांच्या कानावर पडत नसे. कामापुरता मामा म्हणतात, तशी कामापुरती अक्का होण्यातही त्यांना सुख होतं.

दिवाळीत अनिरुद्ध येऊन गेला. आत्याची तकलीफ वाचवतो म्हणाला. बँकेत तिकडचाच नंबर देऊन टाकतो, मग आकडे बाबांना तिथंच येतील. बरं होईल बाबा, असं म्हणून कालिंदीबाईंनी त्याच्या हातावर लाडू ठेवला. तेव्हापासून प्रत्येक फोनला त्यांचा जीव टांगणीला लागायचा. ज्या दिवशी मेसेज येणार नाही, त्या दिवशी सगळं संपलं.

तो दिवस आज उगवला होता. नंबर बदलला होता आणि बापाला सांगायचं पोरगं विसरलं असणार. आता आला नाही म्हटलं, की विश्वंभर त्याला विचारणार, तो सगळा उलगडा करणार, आणि मग कशाला कुणी बाळापूरला फोन लावेल?

मग त्यांना वाटलं, चुकीचे आकडे सांगितले तर? बँक नाकारेल. तो परत विचारेल, परत थांबावं लागेल. तेवढीच पाच मिनिटं.

जन्मात लबाडी न केलेल्या बाईला सहा आकडे सुचेनात. समोर खताच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं. त्यावर जे दिसलं ते त्यांनी धडाधड वाचून टाकलं.

"चार. तीन. एक. सात. शून्य. एक."

शेवटचा आकडा तोंडातून गेला आणि त्यांनी जीभ चावली. तो दुकानाच्या पत्त्यातला, बाळापूरचा पिनकोड होता. दर दिवाळीला विश्वंभरने भाऊबीजेची मनीऑर्डर याच नंबरवर पाठवली होती, एकही वर्ष न चुकता.

त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. आता रागावणार, की हसणार, की फोनच ठेवून देणार?

"लागला का रे?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"बराबर लागला, अक्का," विश्वंभर म्हणाला. "पैसे भरून झाले. आता उद्या पाणीपट्टी भरायची आहे. याच वेळेला नंबर बघून ठेवशील ना?"