रिकाम्या सभेचा ठराव

"जावईबापू, तुम्हाला खोटंच वाटेल," मी म्हणालो, "पण काल आमच्या मॅनेजर संघाच्या वार्षिक सभेत मुंगी शिरायला जागा नव्हती. कुठल्याही मॅनेजरला एकट्यानं निर्णय घ्यावा लागू नये, म्हणून तर काढलेला हा संघ! कुण्या दीडशहाण्यानं तो बंद करायचा ठराव मांडला, तर लोक खुर्च्यांवर चढले."

"मग ठराव बारगळला?"

"बारगळणारच!"

लेक पाणी ओतता ओतता थांबली.

"बाबा, कोरम भरेल म्हणून तुम्ही अर्धा तास एकटेच दाराकडे बघत बसला होतात. ठराव तुम्हीच मांडलात. आणि मी घरी न्यायला आले, तर अनुमोदक म्हणून माझी सही घेतलीत."