बेचाळीस अणू

"सर, पहिली प्रत तुमच्या चरणी," म्हणत निरंजनने संयुगांच्या नावांचे आणि सूत्रांचे आपले नवे पुस्तक मुंडले सरांच्या हाती ठेवले.

सरांनी पाने उलटली. प्रत्येक उदाहरण ओळखीचे होते. तीस वर्षे जोपासलेली आपली वही त्यांनी याच शिष्याला विश्वासाने वाचायला दिली होती. कॅल्शियम फॉस्फेटपाशी त्यांचे बोट थांबले. कंस सुटल्यामुळे Ca₃(PO₄)₂ चे Ca₃PO₄₂ होऊन ऑक्सिजनचे आठ अणू बेचाळीस झाले होते. वहीतही घाईत हेच घडले होते.

"सगळं स्वतः लिहिलंस?"

"हो सर. तीन वर्षं खपलो."

सरांनी पेन मागितले. अभिप्राय मिळणार म्हणून त्याने ते लगबगीने दिले. सरांनी छापील सूत्रात कंस घातला.

"पुढच्या आवृत्तीत एवढं दुरुस्त करा, निरंजनराव," ते म्हणाले. "माझ्या वहीतली चूक मुलांनी का शिकावी?"